द्राक्षगर्भ: पिशवी साफ केली, पण उपचार तिथेच संपत नाहीत

गरोदरपणाशी संबंधित गाठी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी ऑपरेशन येतं. माझ्या पळसदेवच्या दवाखान्यात या आजाराची बाई आली की दोन वाक्यं ठरलेली असतात. "डॉक्टर, क्युरेटिंग झालंय, आता काही त्रास नाही, मग परत परत रक्त कशाला तपासायचं?" हे एक. दुसरं सासूबाई किंवा नवरा विचारतो: "पिशवीत असलं काही होत असेल तर पिशवीच काढून टाकलेली बरी नाही का?" दोन्ही प्रश्न साधे वाटतात. पण पहिल्यात उपचार अर्धवट राहण्याचा धोका आहे आणि दुसऱ्यात विनाकारण मोठं ऑपरेशन होण्याचा. या आजारात शस्त्रक्रियेचं काम नेमकं कुठे आहे आणि कुठे नाही, ते तुम्हाला समजावं म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक खुलासा. गरोदरपणात गर्भाशयात फायब्रॉइड सापडतो किंवा अंडाशयावर साधी गाठ दिसते, तो विषय वेगळा. इथे आपण बोलतोय ते गर्भधारणेच्याच पेशींपासून, म्हणजे वार तयार करणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या गाठींबद्दल. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे द्राक्षगर्भ, ज्याला डॉक्टर मोलर प्रेग्नन्सी म्हणतात.

हे होतं तरी काय?

नाव अगदी समर्पक आहे. वारेचे बारीक तंतू पाण्याने फुगतात आणि गर्भाशयात द्राक्षांचे घड असावेत तसं दिसतं. इंदापूर-बारामतीकडे द्राक्षबागा काही कमी नाहीत, त्यामुळे हे चित्र इथल्या बायकांना लगेच कळतं. अंगावरून रक्तासोबत असे दाणे पडले तर बऱ्याच जणी "भिजवलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी पडलं" असं सांगतात. असं कुणी सांगितलं तर ते हसण्यावारी नेऊ नका.

पूर्ण द्राक्षगर्भात बाळ तयारच होत नाही. बहुतेक वेळा स्त्रीबीजात केंद्रक नसतं आणि त्यात शिरलेला शुक्राणू स्वतःचीच गुणसूत्रं दुप्पट करतो. म्हणजे सगळी गुणसूत्रं बापाची. अर्धवट द्राक्षगर्भात गुणसूत्रांचा एक जास्तीचा संच येतो, थोडाफार गर्भ दिसतो, पण तो टिकत नाही. हे मी मुद्दाम तपशिलात सांगतो, कारण घरात दोष सुनेच्या माथी मारला जातो. काय खाल्लं, कुठे गेली, कोणाची नजर लागली, असल्या कशाचाही इथे संबंध नाही. वय मात्र महत्त्वाचं आहे. फार लहान वयात आणि चाळिशीनंतर हा धोका वाढतो.

दिवस गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रक्तस्राव, नेहमीपेक्षा जास्त उलट्या, महिन्यांच्या मानाने मोठं वाटणारं पोट, कधी लवकर वाढलेला रक्तदाब किंवा थायरॉईडचा त्रास, ही लक्षणं. आता सोनोग्राफी लवकर होते, त्यामुळे अनेकदा काही त्रास सुरू होण्याआधीच हा आजार सापडतो.

पहिली शस्त्रक्रिया: ही टाळता येत नाही

निदान झालं की गर्भाशय रिकामं करावं लागतं. ते औषधाच्या गोळ्यांनी नव्हे, तर सक्शन यंत्राने करतात. साध्या गर्भपातासाठी चालणाऱ्या गोळ्या इथे शक्यतो वापरत नाहीत. कळा येऊन गर्भाशय आकुंचन पावू लागलं की रक्तस्राव वाढतो आणि वारेच्या पेशी रक्तप्रवाहात ढकलल्या जाण्याची भीती असते. म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या खाऊन "आपोआप पडेल" म्हणून घरी बसणं फार धोक्याचं. पोट चिरून गर्भाशय उघडण्याचीही गरज नसते.

ही प्रक्रिया नेहमीच्या क्युरेटिंगसारखी वाटते, पण तशी ती नाही. आत गर्भाशय मऊ, फुगलेलं आणि रक्ताने भरलेलं असतं. अनुभवी हात हवा, शक्यतो सोबत सोनोग्राफी चालू हवी आणि जुळणारं रक्त आधीच तयार हवं. पोट चार महिन्यांपेक्षा मोठं वाटत असेल तर सक्शननंतर श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. अशा बाईला जिथे अतिदक्षता विभाग आहे अशाच ठिकाणी पाठवावं, असं मी ठामपणे सांगतो. आधी छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, थायरॉईड, रक्तगट आणि बीटा एचसीजी या तपासण्या होतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची आठवण तुम्ही स्वतः करून द्या. गडबडीत ते राहून जातं.

आणखी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. काढलेला भाग पॅथॉलॉजी तपासणीला पाठवला का, हे विचारा आणि तो रिपोर्ट जपून ठेवा. अर्धवट द्राक्षगर्भ सोनोग्राफीत साध्या गर्भपातासारखाच दिसू शकतो. "गर्भ पडला, पिशवी धुतली, विषय संपला" असं म्हणून तो भाग बादलीत गेला, तर निदानही त्याच्यासोबत जातं. माझ्याकडे एक बाई दुसऱ्या गावात क्युरेटिंग करून आली होती. दोन महिने रक्त थांबत नव्हतं. कागदावर फक्त 'गर्भपात' लिहिलेलं आणि तपासणीचा रिपोर्ट नाहीच. बीटा एचसीजी केलं तेव्हा आकडा हजारोंत निघाला. पहिल्याच वेळी तो भाग तपासला असता तर तिचे दोन महिने वाचले असते.

त्यानंतरचा खरा उपचार: एका आकड्यावर नजर

बीटा एचसीजी हा वारेच्या पेशींनी तयार केलेला हॉर्मोन. पेशी उरल्या असतील तर तो उरतो, गेल्या असतील तर तो जातो. इतर कुठल्याही कॅन्सरसदृश आजारात आपल्याला एवढा विश्वासू खबऱ्या मिळत नाही. म्हणून सक्शननंतर दर एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासून हा आकडा सामान्य होईपर्यंत पाहतात. पूर्ण द्राक्षगर्भ असेल तर सामान्य झाल्यावरही पुढे सहा महिने, दर महिन्याला. अर्धवट असेल तर सामान्य झाल्यावर महिन्याने एकदा खात्री केली की सहसा पुरतं.

एवढं कशासाठी? पूर्ण द्राक्षगर्भ झालेल्या साधारण १५ ते २० टक्के स्त्रियांमध्ये उरलेल्या पेशी वाढत राहतात, गर्भाशयाच्या भिंतीत घुसतात किंवा रक्तातून फुफ्फुसात जातात. अर्धवट प्रकारात हे प्रमाण खूप कमी, पाच टक्क्यांच्या आतच. बाई बाहेरून ठणठणीत दिसते, रक्तस्राव थांबलेला असतो, आणि आकडा मात्र खाली यायचा थांबलेला असतो. तीन आठवड्यांत घेतलेली चार मोजमापं जवळपास तिथल्या तिथेच राहिली, किंवा दोन आठवड्यांत सलग तीन वेळा आकडा चढत गेला, तर केमोथेरपी सुरू करायची असा जगभर मान्य असलेला नियम आहे. तोवर वाट पाहायची. हे वाट पाहणं म्हणजे हयगय नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे.

आमच्या भागात नेमकं इथेच घोडं अडतं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडहून, नगरहून. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत त्या इथे असतात आणि मग परत गावी किंवा दुसऱ्या कामाला. त्यातल्या बाईचं सक्शन जानेवारीत झालं तर फेब्रुवारीचं रक्त इथे, मार्चचं वाटेत आणि एप्रिलचं गावी, अशी वेळ येते. शिवाय रक्त तपासायला जाणं म्हणजे एक खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. 'पेशंट ऐकत नाहीत' असं म्हणून डॉक्टरांनी हात झटकणं मला पटत नाही. मी एवढंच करतो: तारखा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतो, सगळ्या रिपोर्टचे फोटो तिच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवायला सांगतो, आणि गावाकडच्या डॉक्टरांसाठी चार ओळींची चिठ्ठी देतो. शक्य असेल तर तपासणी एकाच लॅबमध्ये करा, कारण वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत.

या काळात दिवस जाऊ देऊ नका. नवीन गर्भधारणेतही हाच हॉर्मोन वाढतो आणि मग आजार आहे की बाळ, ते कळत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालतात. तांबी मात्र आकडा सामान्य होईपर्यंत बसवू नका, भिंत मऊ असते आणि इजा होऊ शकते.

मग पिशवीच काढून टाकली तर?

या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. १९५० पूर्वी कोरिओकार्सिनोमा, म्हणजे या पेशींचा खरा कॅन्सर झाला की गर्भाशय काढणं हाच मुख्य उपाय होता. फुफ्फुसात आजार पोहोचलेला असेल तर त्या स्त्रिया बहुतेक वाचत नसत. वारेच्या पेशींचं मूळ कामच मुळी रक्तवाहिन्यांत शिरून बाळासाठी रक्त आणणं हे आहे. त्यामुळे त्या फार लवकर रक्तात उतरतात, आणि सर्जन गर्भाशयापाशी पोहोचतो तेव्हा काही पेशी कधीच निघून गेलेल्या असतात.

चित्र बदललं ते एका औषधाने. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिडवर काम करत होते. त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिडला अडवणारी जी औषधं तयार केली, त्यांतलं एक म्हणजे मेथोट्रेक्सेट. १९५६ मध्ये अमेरिकेतल्याच राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी ते पसरलेल्या कोरिओकार्सिनोमाच्या स्त्रियांना दिलं आणि फुफ्फुसातल्या गाठी विरघळल्या. गाठी दिसेनाशा झाल्यावरही लघवीतला हॉर्मोन पूर्ण जाईपर्यंत ली औषध देत राहिले. वरिष्ठांना ते पटलं नाही आणि लींना ती संस्था सोडावी लागली. पण बरोबर तेच होते. आजही आकडा सामान्य झाल्यावर आणखी दोन-तीन वेळा औषध देतात, ते याच कारणाने.

आता कमी जोखमीच्या गटातल्या जवळजवळ सगळ्या स्त्रिया औषधांनी बऱ्या होतात, गर्भाशय जागेवर ठेवून. जास्त जोखमीच्या गटात पाच औषधांची एकत्रित केमोथेरपी लागते आणि त्यांच्यातही नव्वद टक्क्यांच्या आसपास बऱ्या होतात. कोण कुठल्या गटात, हे वय, आधीची गर्भधारणा कोणती होती, आकडा किती, गाठी किती आणि कुठे, यावरून गुण देऊन ठरवतात. सहापर्यंत कमी जोखीम, सात आणि पुढे जास्त.

म्हणजे गर्भाशय कधीच काढत नाहीत असं नाही. चाळिशी ओलांडलेल्या, मुलं झालेल्या आणि आणखी नको असलेल्या स्त्रीमध्ये सक्शनऐवजी गर्भाशय काढणं हा योग्य पर्याय असू शकतो. त्याने पुढे आजार उरण्याचा धोका बराच कमी होतो, पण शून्य होत नाही. शंभरात तीन ते पाच जणींना तरीही केमोथेरपी लागते. म्हणजे रक्ततपासणी चुकत नाही ती नाहीच. अंडाशय मात्र काढायचे नसतात.

हे एवढं ठासून सांगण्यामागे कारण आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्याची कारणं द्राक्षगर्भ नव्हती, पाळीचा त्रास, पांढरं जाणं, कामाचा खाडा ही होती. पण 'पिशवी म्हणजे कटकट, काढून टाका' ही सवय त्यातून दिसते, आणि द्राक्षगर्भ म्हणताच तीच सवय पुन्हा डोकं वर काढते. त्यामुळे २४-२५ वर्षांच्या मुलीला कुणी 'कॅन्सर होईल, पिशवी काढा' म्हणालं, तर सही करण्याआधी मोठ्या केंद्रात दुसरं मत घ्या. जीवघेणा रक्तस्राव चालू नसेल तर तेवढा वेळ नक्की असतो.

आकड्यावर एवढा भरवसा ठेवायचा, तर आकडाही कधी फसवतो हे सांगायला हवं. २००० साली लॅन्सेटमध्ये अमेरिकेतल्या बारा स्त्रियांची हकिगत आली. त्यांच्या रक्तातल्या काही प्रतिपिंडांमुळे यंत्र खोटा एचसीजी दाखवत होतं, आणि बहुतेकींवर नसलेल्या आजारासाठी शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी झाली होती. हे प्रतिपिंड लघवीत उतरत नाहीत. म्हणून आकडा कमी पातळीवर अडकलाय, बाकी सगळं ठीक आहे, तर एकदा लघवीतलं एचसीजी आणि दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर रक्त तपासून बघावं.

शस्त्रक्रिया पुन्हा कधी लागते?

केमोथेरपी चालू असताना गर्भाशयातून थांबत नसलेला रक्तस्राव झाला, किंवा गाठीने गर्भाशयाची भिंत फोडून पोटात रक्त साठलं, तर जीव वाचवण्यासाठी ऑपरेशन करावंच लागतं. मोठ्या केंद्रांत आधी गर्भाशयाची रक्तवाहिनी आतून बंद करण्याचा प्रयत्न करतात, त्यातून कधीकधी गर्भाशय वाचतं. मेंदूत गाठ असून दाब वाढला तर न्यूरोसर्जन लागतो. औषधांना दाद न देणारी एखादीच गाठ फुफ्फुसात राहिली असेल, बाकी शरीर स्वच्छ असेल, तर तेवढा तुकडा काढून काही स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात.

दुसऱ्यांदा क्युरेटिंग करावं का, यावर बरीच चर्चा झाली आहे. पूर्वी 'उरलंय, परत साफ करू' असं सर्रास होई. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कमी जोखमीच्या साठ स्त्रियांवर दुसऱ्यांदा क्युरेटिंग केलं आणि चोवीस जणींना त्यानंतर केमोथेरपी लागलीच नाही. म्हणजे निवडक स्त्रियांसाठी तो विचार करण्याजोगा पर्याय आहे. पण आजार फुफ्फुसात असेल किंवा भिंतीत खोल असेल तर नाही, आणि तिसऱ्या-चौथ्यांदा खरवडत राहणं तर नाहीच. त्याने गर्भाशयाला भोक पडतं किंवा आतली भिंत चिकटून पुढे पाळीच येत नाही.

एक दुर्मीळ प्रकार मात्र या सगळ्याच्या उलट वागतो. वार जिथे रुजते त्या जागेच्या पेशींची गाठ, म्हणजे प्लॅसेंटल साइट ट्यूमर, आणि तिची बहीण एपिथेलॉइड ट्यूमर. यांत आकडा फारसा चढत नाही आणि केमोथेरपीला त्या तितकी दाद देत नाहीत. तिथे आजार गर्भाशयापुरता असेल तर गर्भाशय काढणं हाच मुख्य उपचार. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर मी आधी एवढा भर दिला त्याचं हेही एक कारण.

काही ठिकाणी तर चाकू लावायचाच नसतो. योनीत निळसर गाठ दिसली तर तिचा तुकडा तपासणीसाठी घेऊ नये, रक्त थांबवणं कठीण होतं. द्राक्षगर्भासोबत दोन्ही अंडाशयांवर मोठ्या पाण्याच्या गाठी दिसतात. सोनोग्राफीचा कागद पाहून घरचे घाबरतात. हॉर्मोन उतरला की त्या काही आठवड्यांत आपोआप बसतात. अंडाशयाला पीळ पडून अचानक जोरात दुखू लागलं तरच सर्जनकडे धाव घ्यायची.

खोकल्यातून रक्त पडलं की टीबीच असतो का?

माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरांसाठीही हा परिच्छेद आहे. तरुण बाई, बाळंतपण किंवा गर्भपात होऊन काही महिने झालेले, खोकल्यातून रक्त, एक्स-रेमध्ये डाग. आपल्याकडे पहिला विचार टीबीचा येतो आणि तो चूकही नाही. पण थुंकीत जंतू सापडला नाही तर औषधं सुरू करण्याआधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करा. कोरिओकार्सिनोमा अगदी सुखरूप बाळंतपणानंतरही होऊ शकतो, क्वचितच, पण होतो. आणि हॉर्मोन प्रचंड वाढलेला असला तर तीच टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, हे विचित्र पण खरं आहे. लघवी पाण्याने पातळ करून परत केली, किंवा सरळ रक्तातलं बीटा एचसीजी केलं, की कळतं.

कुठे जायचं, आणि पुढचं बाळ?

आमच्या बाजूच्या लोकांना बारामतीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ, पुण्यात ससून, आणि केमोथेरपी गुंतागुंतीची असेल तर मुंबईत टाटा मेमोरियल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या केमोथेरपीचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. पॅथॉलॉजी रिपोर्ट, सक्शनआधीचा आणि नंतरचे सगळे एचसीजी आकडे तारखांसह सोबत न्या.

केमोथेरपी लागली असेल तर ती संपल्यावर साधारण एक वर्ष थांबा. लागली नसेल तर वर सांगितलेली तपासणी पूर्ण झाली की दिवस जाऊ द्यायला हरकत नाही. पुन्हा द्राक्षगर्भ होण्याची शक्यता शंभरात एकीला. म्हणजे नव्व्याण्णव जणींना तो पुन्हा होत नाही. पुढच्या वेळी पाळी चुकली की सहा ते आठ आठवड्यांत सोनोग्राफी करून घ्या आणि त्या डॉक्टरांना आधीचा कागद दाखवा. तो कागद घरात सापडत नसेल तर आजच शोधायला घ्या.